डोळे पाहणारे आबा

शाळेत जायच्या आधी रोज सकाळी माझे डोळे तपासले जात. मी ओसरीवरून खाली उतरलो की गोठ्याच्या दारातून हाक यायची, "मास्तर, आठे या." मी गेलो की आबा हात धोतराला पुसत, आपला जाडजूड अंगठा माझ्या गालावर टेकवत, खालची पापणी ओढत आणि बैलाची बघावी तशी माझ्या डोळ्यांतली लाली बघत. पसंत पडलं तर "जा" म्हणत. नाही पडलं तर, "आज पोरेसले लिखाले द्या अन् तुम्ही बठी ऱ्हावा." कंदिलापाशी कादंबरी वाचत जागलो की त्यांना हमखास कळायचं. पंचविशीतला शिकलासवरलेला मी, आणि रोज सकाळी गोठ्यात माझी तपासणी! पहिल्या महिन्यात मला याचा इतका राग यायचा की मी दुसरी खोली शोधायला लागलो होतो. गावात दुसरी खोली नव्हती म्हणून राहिलो, आणि राहिलो ते सात वर्षं.

गाव तापीकाठचं, शहादे तालुक्यातलं, कळसाडीहून फार लांब नाही. पन्नाशीच्या दशकातली मधली वर्षं असतील. आबा गुजर. घरात गुजरी बोलत, बाहेर आणि माझ्याशी अहिराणी. केळी, कापूस, थोडा ऊस, चार बैल, दोन मुलगे. थोरला शेतात होता. धाकट्याबद्दल पुढे सांगतो, कारण सांगण्यासारखं जे आहे ते सगळं त्याच्यापायीच घडलं.

आबांचा सगळा कारभार बैलांच्या विश्रांतीभोवती फिरायचा. घरामागच्या मळ्यातल्या विहिरीजवळ कडुनिंब होता आणि त्याच्या पश्चिमेला बैलांना पाणी पाजायचा दगडी हौद. सकाळी झाडाची सावली हौदावर पडलेली असायची. ऊन चढेल तशी ती मागे सरकायची. सावलीनं हौद सोडला की बैल सोडायचे. मग केळीचा एकच वाफा भिजायचा राहिलेला असो, की दारात खुद्द मामलेदार उभा असो. उन्हाळ्या-हिवाळ्यात ही वेळ बदलते, असं मी भूगोलाच्या जोरावर एकदा सुनावून पाहिलं. "बैलना जीवले बी बदलस," एवढं बोलून त्यांनी माझा भूगोल गुंडाळून ठेवला.

एकदा त्यांच्या चुलत पुतण्याचं लग्न होतं. वऱ्हाडाच्या गाड्यांमधली पहिली गाडी आबांची. नवरीचं गाव कोसभर राहिलं असताना आबांनी वर बघितलं, गाडी थांबवली आणि रस्त्याच्या कडेला बैल सोडून दिले. नवरदेव गाडीत, डोक्याला बाशिंग. पुढे वाजंत्री वाजतंय, मागच्या खच्चून भरलेल्या गाड्यांत बायका गाणी म्हणतायत. मुहूर्त टळेल म्हणून नवऱ्याचा बाप हातापाया पडायला लागला. आबा बैलांना हातानं कडबा चारत म्हणाले, "नवरदेवले पाय शेत ना? बैलना पाय आज भरी गयात." नवरदेव कोसभर चालत गेला. लग्न लागलं. जेवणं उठल्यावर आबा गाडी घेऊन निवांत पोचले आणि त्यांच्याशी कुणीच बोललं नाही. पण ते जोडपं पुढे फार सुखानं नांदलं, आणि त्याचं श्रेयही आबांनी बैलांनाच दिलं.

या सगळ्यामागे त्यांचं एक वाक्य होतं. ते त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं, की मी ते पोरांना शुद्धलेखनाला घालायचंच तेवढं बाकी ठेवलं. "बैल थकना तरी बोलत नई. म्हनीसन मालकले डोया पाहिजेत."

माणसांच्या बाबतीतही तेच. त्यांचा सालदार जयसिंग मोलगीकडच्या डोंगरातला भिल होता. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीनं ठेवलेला गडी. आमच्या खानदेशात सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला संपतं. त्या दिवशी मालकानं त्याला नवे कपडे, घोंगडी, जोडा द्यायचा, पोटभर पुरणपोळी वाढायची आणि मग पुढच्या सालाचं विचारायचं. बाकीचे मालक कसं विचारत ते मी पाहिलं आहे. डोळे वटारून विचारत, किंवा उचल दिलेली असली तर विचारतच नसत. आबा जयसिंगला पाटावर बसवत, घोंगडी त्याच्या खांद्यावर घालत आणि त्याच्याकडे पाठ करून उभे राहत. मग भिंतीकडे बघत विचारत, "ऱ्हाशी का जाशी?"

"पाठ का करता आबा?" मी पहिल्या वर्षी विचारलं.

"तोंड देखीसन मानूस नई म्हनत नई," ते म्हणाले. "त्याले जानं ऱ्हायनं तर जाता येवाले पाहिजे."

माझ्या सात वर्षांत जयसिंग सातही वेळा "ऱ्हासू" म्हणाला. पण दर खेपेला ते भिंतीसमोर उभे असताना त्यांच्या मानेची शीर ताठलेली मी पाहिली आहे. उत्तराची त्यांना दर वर्षी खरोखरच धास्ती असायची.

आता धाकटा. हा मुलगा विमान चालवायचा. तापीकाठच्या केळीवाल्याचा मुलगा वैमानिक, म्हणजे तेव्हा पंचक्रोशीतली नवलाईच. मुंबईच्या फ्लाइंग क्लबात शिकून तो लायसन घेऊन बाहेर पडला, तोवर मोठ्या विमान कंपन्या सरकारच्या झाल्या होत्या आणि तिथे जागा नव्हती. मग तो एका शेठच्या लहानशा कंपनीत लागला. शेठनं लढाईत वापरून झालेली जुनी डाकोटा विमानं स्वस्तात घेतली होती आणि स्वस्तातच ती तो चालवायचा. माल न्यायचा, जागा उरली तर कमी भाड्यात माणसंही बसवायचा. तीन वर्षांचा करार होता. मधेच सोडलं तर दंड. गावात मात्र कुणी यातलं काही विचारलं नाही. विमान म्हटल्यावर पुढचं कोण विचारतो? मीही वर्गात नकाशावर मुंबई दाखवताना उगाच त्याचं नाव घ्यायचो.

दिवाळीला तो घरी आला. आला तो दोन दिवस झोपला. तिसऱ्या दिवशी जेवायला बसला आणि हातात भाकरीचा तुकडा तसाच धरून बसल्या बसल्या पेंगला. त्याची आई हसली. आबा पाटावरून उठले, त्याच्याजवळ गेले आणि त्याची पापणी खाली ओढून बघितली. मग आपल्या जागेवर येऊन जेवायला लागले. त्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं. त्याच्याकडून सगळं विचारून घ्या, म्हणाले. बापाला तो सांगणार नाही, मास्तरांना सांगेल.

त्यानं मला सांगितलं, हसत हसत. पगार नावाला. खरी मिळकत विमान हवेत असेल तेवढ्या तासांची. जमिनीवर माल यायची वाट बघत उन्हात बसलं, त्याचं काही नाही. विमान बिघडलं तर त्याचंही काही नाही. मग आपणच खोकी चढवू लागायचं, आपणच मेकॅनिकला घाई करायची आणि दोन फेऱ्या झाल्यावर तिसरी कोण करतो म्हटलं की आपणच हात वर करायचा. झोप दोन फेऱ्यांच्या मधे, खोक्यांवर. मग त्यानं एक गंमत म्हणून सांगितलं. नागपूरहून संत्री घेऊन येत होते. तो आणि त्याचा जोडीदार, दोघांचाही डोळा लागला. जाग आली तेव्हा मुंबई मागे पडली होती आणि खाली नुसता समुद्र.

"मग?"

"मग काय मास्तर, वळवलं विमान. बरं झालं, पेट्रोल होतं!" तो खळखळून हसला.

मी जसंच्या तसं आबांना सांगितलं. समुद्राचं सांगू की नको, असा विचार केला होता, पण माझ्या पोटात राहीना. आबांनी गोठ्यातल्या बैलाच्या वशिंडावर हात ठेवला. मग म्हणाले, "सालदारले सालनं देतस, फेरीनं नई देत. फेरीवर दिधं ते मानूस सोताच सोताले जुपस."

आणि इथून पत्रं सुरू झाली. आबा ओसरीवर बसून सांगत आणि मी ते इंग्रजीत लिहून कंपनीच्या मॅनेजरला पाठवत असे. पहिलं पत्र मला अजून आठवतं. "लिखा मास्तर. रामराम. मन्हा आंडोर तुम्हनाकडे सालदार शे. त्याले दिनभरमा कितल्या फेऱ्या? दुपारले सोडतस का नई? पालटनी जोडी शे का? अन् त्यान्हा डोया रोज कोन देखस?" हे शेवटचं वाक्य इंग्रजीत कसं घालायचं, यावर माझी अख्खी दुपार गेली. महिन्यानं टाइप केलेलं एका ओळीचं उत्तर आलं की आपल्या पत्राकडे लक्ष देण्यात येत आहे. मी ते वाचून दाखवलं. आबांनी विचारलं, "कोन दी ऱ्हायना ध्यान? नाव लिखेल शे का?" नाव नव्हतं, सहीसुद्धा वाचता येत नव्हती. अशी पाच पत्रं गेली आणि तीच ओळ पाच वेळा आली.

शेवटी आखाजी जवळ आली तसे आबा म्हणाले, "आखाजीले सालदार सुटस. चला मास्तर, मुंबई जाऊत."

मी समजावून दमलो. हा करार वेगळा, कंपनी वेगळी, तिथे आखाजी-बिखाजी कुणाला ठाऊक नाही. "म्हनीसन तर जानं शे," आबा म्हणाले. त्यांनी बरोबर काय घेतलं असेल? एक नवी काळी घोंगडी आणि नवा जोडा. मालकानं हे सालदाराला द्यायचं असतं. शेठला ते कुठून माहीत असणार, तेव्हा वस्तू आपण न्यायच्या आणि शेठनं फक्त आपल्या हातानं द्यायच्या, असा त्यांचा हिशेब. दंडाचे पैसेही कमरेला बांधले होते. उचल अंगावर असलेला गडी न्यायचा तर ती फेडायची, ही रीतच आहे. नावेनं तापी ओलांडली, नंदुरबारला गाडी धरली, सुरतेला बदलली. सगळ्या वाटेनं घोंगडी आबांच्या मांडीवर होती आणि मी लाजेनं खिडकीबाहेर बघत होतो.

विमानतळाच्या कडेला पत्र्याची शेड, तेच कंपनीचं ऑफिस. शेठ भेटला नाही. तो कुणालाच भेटत नसे. मॅनेजर भेटला. चाळिशीचा माणूस, बाह्या वर केलेल्या, टेबलावर दोन टेलिफोन, आणि दोन्ही वाजत होते. आबांनी रामराम केला आणि मी हिंदीत येण्याचं कारण सांगितलं. तो आधी हसला, मग वैतागला. "आपका लड़का कॅप्टन है, बाबा. नौकर नहीं है."

"खुर्चीवर बठेल सालदार," आबा म्हणाले. "पन सालदारच ना?"

मग ते टेबलाला वळसा घालून गेले आणि मला काही कळायच्या आत त्यांनी मॅनेजरच्या गालावर अंगठा ठेवून पापणी खाली ओढली. आता हा आम्हाला हाकलून देणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. डोळे उघडले तर मॅनेजर तसाच बसला होता आणि आबा त्याच्याकडे बघत होते. "तू बी झोपेल नई शे, भाऊ," ते म्हणाले. मला भाषांतर करावं लागलं नाही. मॅनेजरनं एका टेलिफोनचा रिसीव्हर उचलून बाजूला ठेवला आणि शिपायाला चहा आणायला सांगितलं.

दुपारी धाकट्याचं विमान उतरलं. तो शेडमध्ये आला तेव्हा अंगावर घामानं भिजलेला युनिफॉर्म होता आणि तो पाय ओढत चालत होता. आम्हाला बघून तो शरमला. आबांनी घोंगडी आणि जोडा मॅनेजरच्या हातात ठेवला आणि खुणेनं सांगितलं, दे. मॅनेजरनं आपल्या कॅप्टनच्या खांद्यावर घोंगडी घातली. शेडमधले हमाल, मेकॅनिक, सगळे बघत उभे राहिले. हसलं मात्र कुणी नाही. मग आबा वळले. खोक्यांच्या थप्पीकडे तोंड करून, मुलाकडे पाठ करून उभे राहिले. घरात ते त्याच्याशी गुजरीत बोलत. हा प्रश्न त्यांनी जयसिंगला विचारायच्या बोलीतच विचारला.

"ऱ्हाशी का जाशी?"

त्यांच्या मानेची शीर ताठ झाली होती. मनातल्या मनात मी ओरडत होतो, जातो म्हण, गाढवा, जातो म्हण. बाहेर कुठल्यातरी विमानाचं इंजिन सुरू झालं. धाकट्याची मान नकळत तिकडे वळली, आणि तेव्हाच मला उत्तर कळलं.

"ऱ्हासू," तो म्हणाला.

आबा वळले. त्यांनी वाद घातला नाही. विचारलं तर उत्तर मानायचं, नाहीतर विचारायचंच कशाला? कमरेचे पैसे कमरेलाच राहिले. त्यांनी मुलाच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि एवढंच म्हणाले, "बैल बोलत नई. तू बैल नई शे. डोया लाल व्हयनात ते बोलशी?"

"बोलसू."

"मन्ही आन?"

"तुम्हनी आन."

परतीच्या वाटेवर मी आबांवर फार चिडलो. एवढ्या लांब येऊन मुलाला तिथेच ठेवलंत, एका शपथेच्या भरवशावर! त्या कंपनीत बोलणाऱ्याला कोण ठेवतं? आणि न बोलणाऱ्याचं काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. मी नंदुरबारपर्यंत बडबडत होतो. आबा नुसते ऐकत होते. त्या माणसाला काय वाटत असेल, याचा मी त्या दिवशी विचारही केला नाही. आज आठवलं की माझीच मला लाज वाटते.

पाऊस झाला, पोळा झाला, कापूस वेचणीला आला. आबा तसेच होते. सावलीनं हौद सोडला की बैल सुटत होते, माझे डोळे तपासले जात होते. फक्त आकाशात घरघर झाली की ते हातातलं काम थांबवत आणि आवाज पार विरेपर्यंत पुन्हा धरत नसत.

एका सकाळी शाळा नुकतीच भरली होती. शहाद्याहून तारवाला सायकलवरून आला. इंग्रजी वाचणारा गावात मी एकटा, म्हणून गावची तार आधी माझ्याकडेच यायची. पाकिटावर आबांचं नाव. तेव्हा आमच्या गावात तार एकाच कारणासाठी येई. ती फोडायचा मला धीर झाला नाही. पोरांना तसंच सोडून मी मळ्याकडे पळालो. वाटेत कुणीतरी माझ्या हातातलं पाकीट पाहिलं असावं, कारण मी विहिरीवर पोचायच्या आधीच घरातून आईंचं रडणं ऐकू यायला लागलं.

मोट चालू होती. बैल धावेच्या उतारावरून खाली जात होते, पाण्यानं भरलेली मोट वर येत होती. मला बघून जयसिंगनं कासरा ओढला. "थांबू नको," आबा म्हणाले. "भरेल मोट शे, बैलना मानवर वजन पडस. वर येऊ दे." मोट वर आली, रिकामी झाली, बैल उलटे चालत मागे आले, उभे राहिले. एवढा वेळ मी पाकीट धरून उभा होतो आणि आबांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाठ केली, विहिरीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "वाचा, मास्तर."

इंग्रजीतले तीनच शब्द होते. मी ते दोनदा वाचले, मग मोठ्यानं सांगितले, "बोललो. सुटलो. येतोय."

आबा वळले नाहीत. "पुन्हा सांगा," म्हणाले. मी पुन्हा सांगितलं. जयसिंग आईंना सांगायला घराकडे धावला.

सगळी हकिकत पुढे धाकट्याच्या तोंडून कळली. दोन फेऱ्या झाल्यावर त्याला तिसरीला जायला सांगितलं. त्यानं शेडमधल्या आरशात आपली पापणी ओढून पाहिली आणि नाही म्हणाला. शेठचा टेलिफोन आला, याला काढा आणि दंड वसूल करा. मॅनेजरनं काढल्याचा कागद लिहिला, आणि मग कराराचा कागद कपाटातून काढून त्याच्यासमोर फाडला. "बाबा को मेरा रामराम बोलना," म्हणाला. पुढे तीन वर्षांनी धाकट्याला मोठ्या कंपनीत जागा मिळाली, जिथे तासांना मर्यादा होती. दरम्यान तो केळी लावत होता आणि पोटभर झोपत होता.

पण हे सगळं पुढचं. त्या सकाळी आबांनी बैलांच्या मानेवरचं जू उतरवलं. मी हौदाकडे पाहिलं. सावली अजून हौदावरच होती, चांगली दोन हात. सात वर्षांत वेळेआधी बैल सुटलेले मी त्याच दिवशी पाहिले.

त्यांनी बैलांना पाणी दाखवलं, हात धुतले, धोतराला पुसले. मग माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि स्वतःच्याच अंगठ्यानं स्वतःची पापणी खाली ओढली.

"देखा मास्तर. मन्हा डोया देखा. आज जोतं धराजोगता शेत का?"

इतकी वर्षं गावभरचे डोळे त्यांनी पाहिले होते. त्यांचे डोळे पाहावेत, हे कुणाच्याच मनात आलं नव्हतं. माझ्याही आलं नव्हतं. मी वाकून पाहिलं. डोळे लालभडक होते. आखाजीपासून हा माणूस धड झोपलाच नव्हता.

"नाहीत आबा," मी म्हणालो. "आज राहू द्या."

"बरं," ते म्हणाले. कडुनिंबाखाली घोंगडी टाकली आणि भर सकाळी, सगळ्यांदेखत, आबा झोपले. मी शाळेत परत गेलो नाही. सावली सरकून त्यांच्या तोंडावर ऊन यायला लागलं, तसं जयसिंगनं आणि मी घोंगडी दोन टोकांना धरून त्यांना सावलीत ओढलं. त्यांना जाग आली नाही.